गिटारच्या रंगाची बाटली

स्पिरिट सुटं मिळतं, बाटली आपली न्यावी लागते. कडेगावच्या रंगाच्या दुकानाचा तो नियमच होता, आणि आमच्या घरी बाटल्यांना तोटा नव्हता. वडील मिलिटरीत सुभेदार. रिटायर झाले तरी कॅन्टीनची रम काही सुटली नाही. ते जाऊन चार वर्षं झाली तरी रिकाम्या बाटल्या माळ्यावर होत्याच. त्यातली एक मी धुऊन नेली. लेबल काढायला पाच मिनिटं लागली असती. मी काढलं नाही.

ही ९६ सालची गोष्ट. मी सांगलीत विश्रामबागला कॉलेजात होतो आणि गिटार स्वतः बनवायची असं खूळ डोक्यात घेऊन गणपतीला गावी आलो होतो, तो पितृपक्षातल्या म्हाळापर्यंत राहिलो. केरबातात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, गोठ्यावरची फणसाची फळी काढून दिली. घरात मला वेड्यात न काढणारे ते एकटेच. फळी कापली, कोपरे गोल केले आणि आठ दिवस दोघांनी आळीपाळीनं काचपेपर मारला. मी झालं म्हटलं की तात्या डोळे मिटून लाकडावरून तळवा फिरवायचे आणि खरखर नेमकी काढून दाखवायचे.

फणसाचं लाकूड पिवळंधमक. तात्या म्हणाले, "हळदीच्या नवऱ्यागत दिसतंय. ऱ्हाऊ दे की तसंच."

पण मला काळपट तपकिरीच हवी होती. स्पिरिटमध्ये रंगाची पूड घालून मी बाटली हलवली. उजेडात धरली तर थेट रम. मला हसू आलं होतं, हेही सांगून टाकतो. पुढची बाजू रंगवून झाली, बाटली बूच लावून फडताळात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी काचपेपर संपला म्हणून मी कडेगावला गेलो.

त्या दिवशी वडिलांचा म्हाळ होता. आमच्याकडे गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते नैवेद्याला ठेवतात. वडिलांना रम. त्यासाठी आईनं त्यांच्या ट्रंकेत दोन बाटल्या जपून ठेवल्या होत्या. पण फडताळात तिला ही दिसली. पोरानं आठवणीनं काढून ठेवली, असं वाटून तिचे डोळे भरून आले म्हणे. एक घोट नैवेद्याच्या वाटीत गेला, बाकीची तिनं तात्यांना दिली. भावाच्या नावाची.

दुपारी मी आलो तर तात्या पडवीत घोरत होते आणि शेजारी बाटली तळाला गेलेली. मला तिथेच सगळं कळलं. पण आई ओरडेल, गिटार चुलीत घालील, असल्या क्षुल्लक भीतीनं मी गप्प बसलो. झोपले की उतरेल, अशी मनाची समजूत घातली.

सकाळी लख्ख ऊन पडलेलं असताना तात्या गोठ्यातून म्हणाले, "धुकं लय पडलंय काय रं आज?"

जीपनं सांगलीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायले? आई म्हणाली, मिलिटरीची रम. मी शेजारी उभा होतो. मीही होकारार्थी मान हलवली. संध्याकाळी तात्यांना समोरची खिडकीही दिसेना, तेव्हा डॉक्टरांना बाजूला घेऊन खरं सांगितलं.

"सकाळी जीभ झडली होती का?" एवढंच ते बोलले आणि आत धावले.

तात्या वाचले. डोळे गेले. डॉक्टर आईला एवढंच म्हणाले की पोटात विष गेलं होतं. तिनं घरी येऊन ट्रंकेतल्या दोन्ही बाटल्या उकिरड्यावर फोडल्या आणि वडिलांचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. "स्वोताच्या भावाला खाल्लं ह्या माणसानं," ती म्हणाली. "आन् म्या माज्या हातानं वाडलं." तेव्हाही मी बोललो नाही. मला माझीच शिसारी येते.

दिवाळीत तात्यांनी गिटार मागवली. पडवीत बसून मांडीवर घेतली, तळवा फिरवला, मग नाक टेकवून वास घेतला.

"एकाच बाजूला रंग दिलास," ते म्हणाले. "उरल्याला कुटं गेला?"

"तात्या, त्या बाटलीत..."

"ठावं हाय. पैल्या घोटालाच ह्यो वास आला हुता. पर दादाच्या नावाचं, न्हाई कसं म्हणू? जुनी आसल म्हटलं." त्यांनी गिटार चाचपडत माझ्याकडे सरकवली. "मला काय सांगतुयास? जा, वैनीला सांग. दादाचं त्वांड सरळ कर."

आत आई भाकरी थापत होती. मला तिची पाठ दिसत होती. मी गिटार घेऊन तिच्याजवळून गेलो आणि मागच्या खोलीत कडी लावून बसलो.

फोटो अजून भिंतीकडेच आहे.