कठड्याचा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. चिमट्यात कागद अडकवून उभ्याउभ्या लिहिता यावे म्हणून वापरतात ती. तुम्ही मला पॅड म्हणता. एका कारखान्यात लाकडाचा भुसा दाबून माझे अंग घडले, वर लोखंडी चिमटा बसला आणि समाजविकास व नेतृत्व शिकवणाऱ्या एका महाविद्यालयात मी आले.

तिथली मुले पुढे सेवाभावी संस्थांत नोकरी करणार होती. नेतृत्वाची सुरुवात ऐकण्यापासून होते, असे सर पहिल्याच तासाला सांगत. म्हणून दरवर्षी नवी तुकडी मला घेऊन टेकडीवरच्या वस्तीत जाई आणि घरोघरी विचारी, तुम्हाला काय हवे आहे? या पाहणीला चाळीस गुण होते. मी नवी होते तेव्हा एकेका उत्तराने मला भरून येई. पुढे तीच घरे, तीच उत्तरे. हळूहळू मला काही वाटेनासे झाले.

वस्तीच्या टोकाला, बावीस उंच पायऱ्या चढून गेले की, शिवणकाम करणाऱ्या एका मावशीचे घर होते. पहिल्या वर्षी तिने मशीन थांबवून सांगितले, पायऱ्यांना कठडा हवा, ह्यांना नीट दिसत नाही. काका आत बसून चाचपत बटणे निवडत होते. त्या वर्षीच्या तुकडीतल्या एका ताईंनी रकान्यात 'कठडा' असे लिहिले, पाणी प्यायल्या, आभार मानले. त्यांचा अहवाल वर्गात पहिला आला, सरांनी पाठ थोपटली आणि आज त्या एका मोठ्या संस्थेत अधिकारी आहेत. दुसऱ्या वर्षीही मावशीने कठडाच सांगितला. तिसऱ्या वर्षी तिने मशीन थांबवले नाही. मला पाहूनच म्हणाली, कठडा लिहा.

चौथ्या वर्षी मागचे अहवाल वाचून एक अबोल मुलगी आली. तिने तोच प्रश्न विचारला.

"काही नको," मावशी म्हणाली.

"पण मावशी, तुम्हाला कठडा हवा होता ना?"

"ह्यांच्यासाठी हवा होता, बाळा. पायरीवरून पडले ते. चार महिने झाले जाऊन."

मुलीचा हात थांबला. रकाना कोरा राहिला. मला काहीच वाटले नाही, आणि त्याचीच मला लाज वाटली.

कोरा रकाना म्हणजे गरज उरली नाही, असा महाविद्यालयाचा नियम. वर्गात तक्ता लागला तेव्हा सर खुशीत म्हणाले, कठड्याची मागणी शून्यावर आली, ही प्रगती अहवालात ठळक लिहा. मुलगी उभी राहिली.

"सर, कठडा झालाच नाही. ते काका गेले."

सरांनी चष्मा पुसला आणि पुढचा तक्ता लावायला सांगितले.

आता माझे कोपरे फुगले आहेत, चिमटा सैल झाला आहे आणि मी कपाटावर पडून असते. मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, कुणाच्या दारात उभे राहून काय हवे असे विचारलेत, तर त्या दारी पुन्हा जा. तेव्हा मात्र मला बरोबर नेऊ नका. दोन्ही हात मोकळे असू द्या.