ठिपकीचं पोट

ठिपकीला झऱ्यात सोडलं ते मीच.

लेकीच्या काचेच्या भांड्यातली ही लाल मासोळी, कल्ल्यावर काळा ठिपका. गेल्या वर्षी ती पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागली आणि लेकीने जेवण सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या कामावरच्या झऱ्यात सोड की. जगेल तरी बिचारी."

जगणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्या झऱ्यातले मासे मोजणं हेच माझं काम. बोटाच्या पेराएवढे, करडे, त्या झऱ्याबाहेर कुठेही न सापडणारे. बाहेरचा मासा तिथला हिवाळा काढत नाही, पाणी हाडं गोठवतं. म्हटलं, पोरीचं मन राखू, पुढचं थंडी बघून घेईल.

थंडी पडलीच नाही.

सोमवारी जाळं वर आलं ते लालेलाल. करडा एकही नाही. ठिपकी सोडली तेव्हाच पोटुशी होती. दोन लेकरांची आई मी, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"कुणाला तरी दया आली असणार," साहेब म्हणाले. "सापडू दे तो दयाळू, याच बादलीत बुडवतो."

मी बादलीत औषध ओतत राहिले. त्यात मासा आधी झोपतो, मग मरतो. दोनशेच्या वर टाकले असतील. जाळ्याच्या कोपऱ्यात शेवटी ती निघाली. ठिपका तसाच. ओंजळीत घेऊन मी जरा थांबले.

"काय ताई, सोयरीक जुळवताय का?" जाळं धरणारा हसला.

टाकली.

मग पोटं उघडायची. कुणी काय खाल्लं ते लिहून ठेवावं लागतं. बाकीच्यांच्या पोटात शेवाळ आणि डासांच्या अळ्या होत्या. ठिपकीचं पोट तट्ट. पातं टेकवलं तशी करडी पिल्लं बाहेर आली, नखाच्या कोरेएवढी, डोळे तेवढे काळेभोर. एकोणीस.

साहेब भिंग घेऊन वाकले. "करड्यांचीच, हिने गिळलेली. म्हणजे कालपर्यंत होते. यांचे आईबाप असतील कुठे कपारीत."

तीन दिवस आम्ही एकेक कपार हाताने चाचपली. माझी बोटं सोलली. चौथ्या दिवशी साहेबांनी करड्या माशांच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं. खाली मोजणाऱ्याची सही लागते.

घरी येऊन धाकट्याला पाजायला बसले, तर लेक कागदाची पुडी घेऊन आली. जुन्या डब्यातलं माशांचं खाणं तिने जपून ठेवलं होतं.

"हे ठिपकीला दे. ती जेवते ना गं तिथे?"

"जेवते."

"पोटभर?"

"पोटभर," मी म्हणाले, आणि तिच्या हातातली पुडी घेतली.