पूर्वेचा काठ

आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यातला देवला दहा वर्षं एकच अर्ज घेऊन हिंगोलीच्या कचेरीत खेटे घालत होता : आमच्या तळ्यातला गाळ काढा. तळं किती जुनं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बैलांच्या पाठीवर मीठ लादून फिरणारे तांड्याचे पूर्वज इथंच बैलांना पाणी पाजायचे. पण देवलाचा जीव पाखरांत. दिवाळी सरली की उत्तरेकडून थवे उतरत. बदकं शेपटी वर करून गाळात चोच खुपसत, लांब पायांची पाखरं चिखल चाळत. ती उतरली की तांड्यात लापशी शिजायची, त्याआधी नाही. २००३ साली तळं संक्रांतीलाच आटलं आणि पाखरं उपाशी उठून गेली. देवला तेव्हा लेकरासारखा रडला.

पुढच्या उन्हाळ्यात मशीन आली. नारळ देवलानेच फोडला. कामावर आलेला साहेब भला माणूस. पूर्वेचा उथळ काठ तसाच ठेवायचा का, असं त्याने दोनदा विचारलं. पण देवलाच्या अंगात वारं शिरलं होतं.

"ठेवू नका, साहेब. देवलानं अर्धंच काम केलं म्हणतील लोक."

काठ गेला. तांड्याने गाळ शेतात नेला, देवलानेही नेला.

पाऊस चांगला झाला. तळं तुडुंब, अगदी काठापासून पुरुषभर खोल. दिवाळीनंतर एका सकाळी थवा आला, दोन घिरट्या घातल्या आणि दक्षिणेकडे निघून गेला. पाय टेकायला वीतभर चिखल उरला नव्हता. जन्मभर पाखरं पाहिलेल्या माणसाला हे आता कळावं! देवलाला स्वतःच्या अकलेची किळस आली.

तांडा मात्र खूश. लोकांनी त्याला शाल पांघरली, लापशी शिजवली.

"पाखरं उतरल्याबिगर लापशी काहून?" त्याने बायकोला विचारलं.

"पाण्याची हाय," रूपाबाई वाढता वाढता म्हणाली. "तुमीच तर आणलं."



सोमवारी तो पुन्हा कचेरीत गेला. पूर्वेच्या काठाला गाळ परत टाका, असा अर्ज त्याने कुणाकडून तरी लिहवून आणला होता. कारकुनाने तो मोठ्याने वाचला. सगळी कचेरी हसली. मग त्याने कपाटातून जुनी फाईल काढून देवलापुढे उघडी धरली.

"बाबा, दहा वर्षं 'काढा, काढा' कोण म्हणत होतं?"

देवलाला वाचता येत नव्हतं. पण प्रत्येक कागदाखालचा अंगठा त्याने ओळखला.