ब्याऐंशी डोळे

गोदूबाईंची धरलेली मान रविवारीच सुटली असती, तर हरेशच्या पदरात ब्याऐंशी डोळे पडणार होते. त्याच्या गणपतीच्या कारखान्यात एकेचाळीस मूर्ती रंगून उभ्या होत्या. फक्त बघत नव्हत्या. डोळ्यांची आखणी तीस वर्षं गोदूबाईंकडे. गिऱ्हाइकं यायची पुढच्या रविवारी, आणि शनिवारी दुपारी गोदूबाईंची मान अशी धरली की कुणी हाक मारली तर त्या सगळ्या अंगानिशी वळायच्या.

खांदा कॉलनीतल्या डॉक्टर ऋचांनी आधी विचारलं, "दुसरं औषध काय चालू आहे?" रक्तदाबाच्या गोळीचं नाव पाहून घेतलं आणि मग स्नायू सैल करणाऱ्या पाच गोळ्या लिहून दिल्या. "रात्री जेवणानंतर एक. पाच रात्री. झापड येईल, उठताना सावकाश उठा. मंगळवारी डोकं साफ वाटलं तरच कामाला बसा, तेही अर्धा अर्धा तास. आणि कुणी मागितली तरी द्यायची नाही."

"माझी मान, माझी गोळी," गोदूबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी हरेश सहा केळी घेऊन हजर. उगाच केळी आणणारा माणूस नव्हे तो.

"मावशी, पाच गोळ्या ना? मग दोन-दोन घे. उद्यापर्यंत आजार खलास."

"आजार खलास, का मी खलास रं?"

"तसं नाय गं. घाई हाय म्हणून."

"गोळीला तुझी घाई कळत नाय. चहा घेतोस?"

गोदूबाई आत गेल्या. मूर्ती उचलून उचलून हरेशचीही कंबर भरून आली होती. फळीवर गोळ्यांचं पाकीट दिसत होतं. मावशी नाही तर आपण बसू आखणीला, कंबर तेवढी मोकळी झाली पाहिजे, असा त्याने झटपट हिशेब केला आणि एक गोळी चहाबरोबर पोटात टाकली. सकाळपासून सर्दीचं औषध दोन झाकणं घेतलं होतं, ते या हिशेबात धरायचं राहिलं.

गोदूबाई चहातली साखरही मोजून घालतात. दुपारी पाकीट पाहिलं तर चाराच्या जागी तीन गोळ्या. पुन्हा मोजल्या, तीनच. केळ्यांची पिशवी परत करायला म्हणून उचलली आणि मान ताठ ठेवून त्या रिक्षात बसल्या.

कारखान्यात हरेश स्टुलावर, हातात ब्रश, हनुवटी छातीला टेकलेली. समोर सहा मूर्तींना डोळे आले होते. सगळ्यांच्या पापण्या खाली ओघळलेल्या. सहाही जणांना दुपारचं जेवण जड झालेलं.

"हरेश!"

तो दचकून उठला, तोल गेला, भिंत धरली. "आपटा गावाला निघालो होतो. पाट आणायचे हायत." हात टेम्पोच्या चावीकडे गेला. गोदूबाईंनी चावी आधीच कमरेला खोचली होती.

"टेम्पो नाय. बस."

"मी जागा हाय, मावशी."

"तू काढलेले डोळे बघ आणि मग सांग."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर ऋचा आधी हरेशवर चिडल्या, मग म्हणाल्या, "सर्दीच्या औषधानंही झोप येते, दोन्ही मिळून जास्तच. त्याला एकटं सोडू नका, वर आणखी काही देऊ नका. दारू तर अजिबात नाही. हाक मारून उठला नाही किंवा श्वास मंद वाटला, तर थेट दवाखान्यात न्या."

संध्याकाळपर्यंत गोदूबाई त्याच्याशेजारी बसून राहिल्या. दर थोड्या वेळाने हाक मारायच्या, तो "हं" म्हणायचा. दिवेलागणीला तो नीट उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "भूक लागली."

सोमवारी त्याने पाच मूर्तींचे डोळे स्वतः पुसले. सहावीला हात लावणार तोच खांदा कॉलनीतल्या वसुंधराताई मूर्ती ठरवायला आल्या.

"अहो, हा किती शांत आहे! आमचे दरवर्षीचे गणपती आल्यापासून रोखून बघत बसतात. हाच द्या मला."

हरेशने पुसायचं फडकं खिशात कोंबलं आणि पावतीपुस्तक काढलं.

मंगळवारी डोकं साफ होतं, तशा गोदूबाई अर्धा अर्धा तास ब्रश धरू लागल्या. बुधवारच्या रात्रीला गोळी उरली नव्हती. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, "मान वळते?"

"दोन्हीकडं."

"मग पाचवी नको. पुन्हा धरली तर या. असल्या उरल्यासुरल्या गोळ्या घरात ठेवून कुणाचं भलं होत नाही."

"ते हरेशला सांगा," गोदूबाई म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी ऐंशी डोळे गोदूबाईंचे आणि दोन हरेशचे, असे ब्याऐंशी पुरे झाले. फायदा ठरल्याप्रमाणे हरेशकडे गेला. खर्चाला गोदूबाईंची एक गोळी लागली, धरलेल्या मानेने दिलेला एका अख्ख्या दुपारचा पहाराही त्यांचाच. हरेशच्या नावावर पुसलेले दहा डोळे आणि सहा केळी. त्यातली चार रविवारी संध्याकाळी जाग आल्यावर त्यानेच खाल्ली होती.