टिलीच्या सशाचं नाक

ॲनिका लिंडग्रेनला आपल्या मेपलचा अभिमान होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती. सशाची ही करडी मादी तिनं पिल्लू असल्यापासून वाढवली होती. गेल्या जुलैत जत्रेतल्या सशांच्या स्पर्धेत मेपलच्या पिंजऱ्यावर जांभळी फीत लागली, म्हणजे पहिल्या नंबरांतलाही पहिला नंबर. यंदा तर शेजारच्या काउंटीतले केसलर निरोप पाठवून बसले होते: स्पर्धा झाली की मेपलची दोन पिल्लं मी नेणार. केसलरसारखा मुरलेला ससेवाला पंधरा वर्षांच्या पोरीकडून पिल्लं घेतो, ही बातमी आयोवातल्या त्यांच्या अख्ख्या गावाला कळेल याची सोय आजोबांनी परस्पर करून टाकली होती.

धाकट्या बहिणीचं, टिलीचं, हे पहिलंच वर्ष. तिचा पांढरा ससा पिकल, म्हणजे लोणचं. नाव तिनंच ठेवलं होतं, का ते तिलाच माहीत.

सकाळी आजोबांनी पिकअप जत्रेच्या फाटकापाशी लावली. सशांच्या शेडबाहेर तपासणीची रांग होती. पिंजरे उतरवताना पिकल शिंकला. मग पुन्हा शिंकला. टिलीनं त्याला उचलून पुढचे पाय पाहिले. आतल्या बाजूची लव चिकटून पिवळट झाली होती.

"ॲनिका, हा पायांनी नाक पुसतोय."

"गवताची धूळ गेली असेल," ॲनिका म्हणाली. पण ससा असं नाक कशानं पुसतो हे तिला पुरतं माहीत होतं. तिनं ओलं फडकं घेतलं, पिकलचे पाय पुसले, नाक पुसलं. "झालं. आता गप उभी राहा."

"पण सशांच्या पुस्तकात..."

"टिली, गप म्हटलं ना!"

आजोबा पेंढ्याची गासडी उतरवत होते, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

तपासणीला जनावरांच्या डॉक्टर पावेल होत्या, उंच, घाईतल्या बाई. त्यांनी मेपलचे कान पाहिले, दात पाहिले, पोटावरून हात फिरवला. "राणी आहे ही. जा आत." ॲनिकानं सुटकेचा श्वास सोडला. मग पिकल. डॉक्टरांनी त्याचं नाक पाहिलं, पाय उलटे केले. स्वच्छ. "छान. पुढचा कोण?"

टिली जागची हलली नाही.

"तो शिंकतोय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांना वाकावं लागलं. "पाय घाण होते. आत्ताच पुसलेत."

"कुणी पुसले?"

टिलीनं ओठ घट्ट मिटले. ती बुटांकडे पाहत राहिली, बहिणीकडे तिनं एकदाही नजर वळवली नाही.

"मी पुसले," ॲनिका म्हणाली.

डॉक्टर काही रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "दोघं एकाच गाडीतून आले?"

"हो. घरीही एकाच शेडमध्ये असतात."

"मग दोघांनाही घरी न्यावं लागेल. कळतंय ना तुला?"

ॲनिकाला कळत होतं. गेल्या वर्षी जत्रेत नव्या पोरांना हेच समजावून सांगायचं काम तिच्याकडे होतं: एक नाक वाहतं आणि आठवड्याभरात सगळी शेड शिंकायला लागते.

परतीच्या वाटेवर टिली मुसमुसत होती. "तुझी फीत गेली माझ्यामुळे."

आजोबांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "ॲनिका, काय म्हणणं आहे तुझं?"

दोन्ही बाजूंनी मका मागे पळत होता. ॲनिकाला रडू येत होतं, रागही येत होता, आणि या सगळ्याखाली आणखी काहीतरी होतं. दहा वर्षांची ही चिमुरडी सगळ्या रांगेसमोर उभी राहिली आणि बहिणीचं नाव मात्र तिनं तोंडातून काढलं नाही.

"माझं म्हणणं आहे," ती म्हणाली, "की ही पोरगी माझ्यापेक्षा चांगली ससेवाली आहे."

"ते तर मी कधीचं म्हणतोय," आजोबा म्हणाले. "कुणी ऐकतंय कुठे म्हाताऱ्याचं!" टिली रडता रडता फिसकन हसली.

त्यांनी घरी पिकलला परसातल्या कोठारात वेगळं ठेवलं. ॲनिकानं केसलरना फोन केला. आमच्याकडे एका सशाचं नाक वाहतंय, पिल्लं सध्या विकणार नाही, असं सरळ सांगून टाकलं. "कळवलंस ते बरं झालं," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांनी पिल्लं स्पर्धेतल्याच केंड्रा मोहर नावाच्या मुलीकडून घेतली. जांभळी फीतही केंड्रालाच मिळाली.

निकालाच्या दिवशी बहिणी, आपल्या अंगावरून रोग पसरू नये म्हणून, न्हाऊन, कपडे बदलून जत्रेला गेल्या. सशांच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं, म्हणून बाहेरच्या कठड्याला टेकून लेमोनेड पीत उभ्या राहिल्या. केंड्रा हातात फीत घेऊन मैत्रिणींबरोबर तिकडून गेली. टिलीला पाहून तिनं मोठ्यानं म्हटलं, "बघा बघा, शेंबड्या सशाची मालकीण आली!"

टिलीची मान खाली गेली. ॲनिकानं हातातला पेला कठड्यावर ठेवला.

"केंड्रा, तुझा ससा कसा आहे?"

"कसा म्हणजे? ठणठणीत."

"तो हिच्यामुळे ठणठणीत आहे. आत जितके ससे आहेत ना, ते सगळे हिच्यामुळे. मी तर नाक पुसून आत घालत होते. ही माझी बहीण आहे, ओळख करून घ्यायची असेल तर नीट करून घे."

केंड्रानं एकदा टिलीकडे पाहिलं आणि मान हलवली. मग ती आत गेली.

"तू सगळ्यांना सांगितलंस," टिली म्हणाली. "तू पुसलंस ते."

"सांगितलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली की." ॲनिकानं तिचा खांदा जवळ ओढला. "तरी सांगितलं. चल, पाळणा बंद व्हायच्या आत जाऊ."

दोघी पाळण्याच्या रांगेकडे निघाल्या. ॲनिका पुढे चालत होती आणि ओळखीचं कुणी भेटलं की थांबून टिलीची ओळख करून देत होती. टिली पार लाजून गेली होती, पण एकदाही "पुरे" म्हणाली नाही.