हिरवं बटण

खुर्शीदा मॅडम नांदुऱ्याच्या कॉलेजात कैक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. त्या फळ्यावर पेशी काढायला लागल्या की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. पण विद्यापीठाने हजेरीपासून परीक्षेपर्यंत सगळं नव्या ऑनलाइन प्रणालीवर न्यायचं ठरवलं आणि मॅडमची झोप उडाली. प्राचार्य अर्जुनरावांनी बैठकीत विचारलं, "सगळे तयार आहेत ना?" सगळ्यांनी माना हलवल्या. मॅडमनीही हलवली. नाही म्हणायची छाती झाली नाही.

प्रशिक्षण एका सकाळीच उरकलं. शिकवायला आलेला माणूस भराभर बोलला आणि गाडी गाठायला निघून गेला. मॅडम एकट्याच संगणकासमोर बसून पुन्हा करून पाहत होत्या. दुसऱ्या वर्षाचा वर्ग उघडला, सगळ्यांना गैरहजर लावलं आणि खालचं हिरवं बटण दाबलं. त्यांना वाटलं, सरावच तर आहे.

थोड्या वेळाने ऑफिसातला फोन वाजायला लागला, तो थांबेचना. तेवढ्यात छकुली धावत आली. दुसऱ्या वर्षाची ही पोरगी पिंपळगाव राजाहून रोज एसटीने यायची.

"मॅडम, मी कॉलेजात आलीच नाही म्हणून बाबाले मेसेज गेला! आई फोनवर रडून राह्यली. बाबा फवारणी अर्धी सोडून फटफटीवर निघाले, अन् आता फोन उचलून नाही राह्यले."

मॅडमना ते हिरवं बटण आठवलं. बीटी कपाशी पेरली तरी यंदा बोंडअळी हटत नव्हती; लोक दिवस दिवस फवारत होते. फवारताना विष अंगात भिनून माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या रोज पेपरात होत्या.

"सकाळपासून फवारत होते?"

"हाव. तोंडाले रुमालही नाही बांधत ते."

इतिहासाच्या गुलाबराव सरांनी लगेच गाडी काढली आणि तिघं पिंपळगावच्या रस्त्याला लागले. वाटेत समोरून फटफटी दिसली की छकुली पुढे वाकून पाहायची आणि मॅडम डोळे मिटून घ्यायच्या. सर एवढंच म्हणाले, "सापडतीन. घाबरू नका."

एका पुलाच्या अलीकडे फटफटी आडवी पडलेली दिसली. छकुलीचा बाप निवृत्ती बाभळीला टेकून बसला होता. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती. पोरीला पाहून तो पुटपुटला, "कुठी होती व तू?"

"कॉलेजातच होती, बाबा."

"मंग मेसेज कायचा?"

"माझ्याकडून चुकून गेला, भाऊ," मॅडम म्हणाल्या. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो बाजूला वळून ओकला.

दवाखान्यात त्याचे कपडे काढले, अंग धुतलं, इंजेक्शनं दिली. डॉक्टर काही सांगेनात. मॅडम भिंतीशी उभ्या राहून मनातल्या मनात दुवा मागत होत्या. संध्याकाळी छकुलीची आई वच्छलाबाई आली. तिच्याकडे पाहायचा मॅडमना धीर होईना.

"पोरगी गेली वाटलं मले, मॅडम," ती म्हणाली. "मंग हे. एका दिवसात दोनदा जीव गेला माहा." शिवी दिली असती तर बरं, असं मॅडमना वाटलं.

निवृत्ती वाचला. पण पुढे कितीतरी दिवस पाण्याचा पेला धरताना त्याचा हात थरथरायचा.

अर्जुनरावांनी मॅडमना खोलीत बोलावून सांगितलं, "विद्यापीठाला कळवलंय आपण तयार आहोत म्हणून. हे बाहेर नको."

पुढच्या बैठकीत त्यांनी तोच प्रश्न विचारला. मॅडम उभ्या राहिल्या.

"सर, मी तयार नाही. मला येत नाही हे. कुणीतरी शेजारी बसून शिकवा. तोवर घरी मेसेज जाणं बंद ठेवा."

अर्जुनरावांचा चेहरा लाल झाला. मग गुलाबराव सर जागेवरूनच म्हणाले, "मले बी नाही येत, साहेब." त्यांच्यामागून आणखी दोघंतिघं बोलले.

मेसेज बंद झाले. महिनाभर शिकवणं चाललं, हळूहळू, एकेकाजवळ बसून. मॅडम शिकल्या. भीती मात्र पुरती गेली नाही. वर्गात शिरल्या की त्या आधी छकुलीचा बाक बघायच्या.