पुडीतले दोन स्क्रू

दचकू नका, मी गाडीतला अलार्म बोलतोय. आज ओरडत नाहीये, नुसता बोलतोय. माझ्या बाबतीत हेही नवलच.

माझा भोंगा बॉनेटखाली आणि कान डॅशबोर्डच्या आत. कान म्हणजे हादरा ओळखणारी काडेपेटीएवढी डबी. मालकिणीच्या गाडीची काच फोडून कुणीतरी बॅग पळवली, तेव्हा तिनं मला फिटरकडून मुद्दाम बसवून घेतलं. फिटरचा फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, हात माझ्यावर. अर्ध्या तासात त्यानं पॅनेल ठोकून बसवलं आणि म्हणाला, आता मुंगीसुद्धा फिरकणार नाही.

मला तर मुंगीचीच भीती वाटायला लागली. बॉनेटवर मांजर बसलं, शेजारच्या काकांनी फाटक आपटलं, रस्त्यावरून ट्रक गेला, की मी बोंब ठोकायचो. मालकीण उलटसुलट चपला घालून धावत यायची. खिडक्या उघडायच्या. तिची मान खाली जायची.

तिचा भाऊ म्हणायचा, "वाण नाही पण गुण लागला. जशी मालकीण, तसा अलार्म."

वडील हसायचे नाहीत. रविवारपर्यंत बघू, नाहीतर गाडी विकून टाकू, तुला झेपत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. तिला ते पटत चाललं होतं, आणि खरं सांगतो, मलाही. माझा पिंडच भित्रा, असं मी धरून चाललो होतो.

शनिवारी सकाळी कागद शोधताना गाडीच्या खणात तिच्या हाताला एक पुडी लागली. माझ्या खोक्यातली, न फोडलेली. आत दोन स्क्रू. ती बघत राहिली. मग पेडलजवळ वाकून तिनं मोबाइलचा उजेड वर मारला. माझा कान चिकटपट्टीच्या एका तुकड्यावर लोंबत होता.

ती गाडी घेऊन तडक फिटरकडे गेली. तिला बघताच फिटरनं सुरुवात केली: सेटिंग जरा कमी करतो, सगळ्यांचीच ही तक्रार असते. तिनं पुडी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"दादा, हे कुठे बसतात तेवढं दाखवा."

"टेपनं पण चालतं, ताई."

"चालतं का ते आमच्या गल्लीला विचारा. तुम्ही पॅनेल उघडा, मी इथेच उभी आहे."

फिटरनं फोन खिशात टाकला. स्क्रू आवळले तेव्हा मला पहिल्यांदाच पाठीला आधार मिळाला. तिनं बोटानं कान हलवून बघितला. हलेना. दार आपटलं, मी गप्प. मग काचेवर जोरात मूठ मारली आणि मी ओरडलो. ती केवढी दचकली. आणि हसली.

रविवारी वडिलांनी स्वतः येऊन दार दोनदा आपटलं. मी श्वास रोखून होतो. त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

ट्रक गेला की अजून ओरडावंसं वाटतं. पण त्या दोन स्क्रूंना धरून बसतो. तुमच्या आसपास कुणी उठताबसता दचकत असेल, तर त्याला हसण्याआधी एकदा वाकून बघा. त्याचेही स्क्रू पुडीतच राहिले असतील.